कार्ड नंतर, तार आधी

संगणकावर टीव्ही पाहायची आणि रेकॉर्ड करायची हौस आली की माणूस आधी ट्यूनर कार्डांची यादी काढून बसतो. कुठले चांगले, केवढ्याला पडते, सोबत रिमोट मिळतो का. हे प्रश्न बरोबरच आहेत, पण त्यांचा नंबर दुसरा. ट्यूनर कार्ड स्वतःहून काही आणत नाही. बाहेरून आलेल्या लहरींतून हवी ती वाहिनी वेगळी काढून संगणकाच्या हवाली करणे, एवढेच त्याचे काम. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून गोव्यात कुणी ट्यूनर घेण्याच्या गोष्टी करू लागला की आधी विचारावे, घरात तार कुठून येते? गच्चीवरच्या अँटेनाची, केबलवाल्याची, डीटीएचच्या डिशची, की फ्री डिशची? चारांपैकी तीन उत्तरांवर कार्डाचा विषय तिथेच मिटतो.

अँटेनाचे प्रकरण तर आटोपलेच आहे. कौलांवर अजून काही ठिकाणी माशाच्या काट्यासारख्या अँटेना दिसतात, पण त्यांना पकडायला हवेत काही उरलेले नाही. मोजकी, सुमारे ५० सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळता दूरदर्शनचे जमिनीवरचे सगळे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२पर्यंत बंद करायचे, असे प्रसार भारतीने २०२१मध्ये जाहीर केले. त्यांच्या जागी डीव्हीबी-टी२ हे जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण येणार होते. २०१६मध्ये ते ज्या १६ शहरांत सुरू झाले, त्यांत मुंबई होती, औरंगाबाद होते, पणजी नव्हती. तरी ऑनलाइन दुकानांत ‘टीव्ही ट्यूनर’ म्हणून सर्वांत आधी समोर येतात त्या यूएसबीच्या पेनड्राइव्हएवढ्या काड्या, सोबत वीतभर अँटेना. त्या बहुतेक डीव्हीबी-टीच्या, म्हणजे जमिनीवरचे प्रक्षेपण पकडणाऱ्या असतात. गोव्यात त्या लावून स्कॅन केले की शून्य वाहिन्या येतात, आणि घेणाऱ्याला वाटते माल खराब निघाला. माल ठीकच असतो. जाता जाता सांगायला हरकत नाही, की यांतल्या आरटीएल२८३२यू चिपच्या काड्या रेडिओ म्हणून झकास चालतात. योग्य सॉफ्टवेअर घातले की पणजीचे एफएम केंद्र पडद्यावर आलेखासकट ऐकू येते. टीव्ही मात्र नाही.

केबलचे दिवस या कार्डांचे खरे सुगीचे दिवस होते. ब्रुकट्री बीटी८७८ किंवा फिलिप्स एसएए७१३४ चिपचे पीसीआय कार्ड, मागे केबलवाल्याची तार, आणि पाल-बी/जी ही अ‍ॅनालॉग चित्राची पद्धत निवडली की सगळ्या वाहिन्या खिडकीत. २०११च्या केबल दुरुस्ती कायद्याने टप्प्याटप्प्याने हे संपवले. महानगरे आधी, मग मोठी शहरे. गोवा शेवटच्या दोन टप्प्यांत आला आणि मार्च २०१७नंतर अ‍ॅनालॉग केबलला कायद्याने जागा राहिली नाही. आता त्याच तारेतून डीव्हीबी-सी हे केबलचे डिजिटल प्रक्षेपण येते, पण कुलूपबंद. कार्ड लहर पकडते, वाहिन्यांची नावेसुद्धा दाखवते, चित्र मात्र काळे. किल्ली सेट-टॉप बॉक्सच्या आत असते आणि ती बाहेर निघत नाही.

डीटीएचचेही तेच. डिश आहे, सिग्नल भक्कम आहे, उपग्रहासाठीच्या डीव्हीबी-एस२ कार्डाला तो वाचताही येतो, पण सशुल्क वाहिन्या सांकेतिक. परदेशी कार्डांवर दिसणारी सीआय नावाची खाच यासाठीच असते. तिच्यात सेवा देणाऱ्याचे मॉड्यूल घातले की कुलूप उघडते. आपल्याकडे डीटीएच कंपन्या ग्राहकाला असे मॉड्यूल सहसा देत नाहीत, तेव्हा त्या खाचेसाठी जादा पैसे मोजू नयेत.

राहते ती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली, आज जीसॅट-१५ उपग्रहावरून ९३.५ अंश पूर्वेकडून येणारी, महिन्याचे भाडे नसलेली. डीडी सह्याद्री त्यावर आहे. राज्यांच्या नावाच्या वाहिन्या २०१९मध्ये फ्री डिशवर आल्या, त्यांत डीडी गोवा आहे. खासगी वाहिन्या दूरदर्शनच्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे गेल्या वर्षीची मराठी वाहिनी या वर्षी असेलच असे नाही. काही वाहिन्यांना अधिकृत बॉक्सच लागतो, त्या कार्डावर उघडणार नाहीत. उरलेल्या भरपूर वाहिन्या मात्र कुलूप नसलेल्या आहेत. गोव्यातल्या माणसाला ट्यूनर कार्डाचा खराखुरा उपयोग आज आहे तो इथे.

मग घ्यायचे ते डीव्हीबी-एस२ कार्ड. नुसते डीव्हीबी-एस स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. एस२ कार्डाला जुनी पद्धतही वाचता येते, उलटे होत नाही.

खरेदीत पहिली अडचण विजेची. डिशच्या टोकावरच्या एलएनबीला, म्हणजे लहर पकडून खाली पाठवणाऱ्या डबीला, वीज याच तारेतून द्यावी लागते: उभ्या ध्रुवीकरणासाठी, म्हणजे उभ्या कंप पावणाऱ्या लहरींसाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. एलएनबी दीडदोनशे मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे १८ व्होल्टवर साडेतीन वॉटच्या आसपास. यूएसबी २.० चे भोक देते ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, अडीच वॉट. हिशेब बसत नाही. म्हणून उपग्रहाचा यूएसबी ट्यूनर स्वतःच्या १२ व्होल्ट अ‍ॅडाप्टरसकट येतो. सेकंडहँड घेताना तो अ‍ॅडाप्टर हरवलेला असेल, तर दुसरा कुठलाही लावून चालत नाही. टोकाचे माप, ध्रुव आणि अँपिअर तिन्ही जुळले पाहिजेत. संगणकाच्या आत बसणाऱ्या काही पीसीआय एक्सप्रेस कार्डांवर एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, जादा वीज घ्यायचा चार पिनांचा सॉकेट असतो. तो लावायचा राहिला की कार्ड दिसते, ड्रायव्हर बसतो, स्कॅन होते आणि सिग्नल शून्य. ही चूक इतकी सर्रास होते की सिग्नल शून्य दिसला तर डिश हलवायच्या आधी कॅबिनेट उघडून पाहावे.

दुसरी गोष्ट, भोक कुठले. आजच्या मदरबोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट जवळपास नाहीच, पीसीआय एक्सप्रेस एक्स१ असतो. मोठ्या स्लॉटमध्येही एक्स१ कार्ड चालते. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्ड कॅबिनेटला अडकवायची आखूड पट्टी सोबत आली आहे का पाहावे, नाहीतर कार्ड बसते पण कॅबिनेटचे दार लागत नाही. जुने बीटी८७८चे कार्ड कुणी फुकट देऊ केले तर नव्या विंडोजवर त्याला ड्रायव्हर मिळायचा वांधा. लिनक्समध्ये ते अजून ओळखले जाते, पण उपयोग फक्त त्याच्या पिवळ्या व्हिडिओ सॉकेटचा.

तिसरे, ट्यूनर किती. टीबीएस ६९०२सारख्या कार्डावर दोन असतात. एक पाहायला, एक रेकॉर्डिंगला, असा साधा हिशेब लोक करतात. तो पूर्ण खरा नाही. एक ट्यूनर एका वेळी एक अख्खा ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा एक प्रक्षेपक उचलतो, आणि त्या ट्रान्सपाँडरवर पुष्कळ वाहिन्या एकत्र बांधलेल्या असतात. त्यातून सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट वाहू शकतात. त्यातल्या सगळ्या वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात, सॉफ्टवेअरने साथ दिली तर. दुसरा ट्यूनर लागतो तो दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरची वाहिनी त्याच वेळी हवी असेल तेव्हा. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र तारा लागतात. एकाच तारेला साधा स्प्लिटर लावून दोन ट्यूनर जोडले, तर एक १३ व्होल्ट देतो आणि दुसरा १८, आणि दोघांपैकी एकाच्या वाहिन्या गायब होतात. गंमत अशी की हे सतत होत नाही, दोघे वेगवेगळ्या ध्रुवीकरणावर गेले तरच होते. त्यामुळे दोष सापडता सापडत नाही.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. विंडोजवर कार्ड बीडीए या विंडोजच्या प्रमाण पद्धतीच्या ड्रायव्हरचे हवे, म्हणजे डीव्हीबीव्ह्यूअर, प्रोगडीव्हीबी, नेक्स्टपीव्हीआर यांपैकी कुठलेही सॉफ्टवेअर चालते आणि कंपनीच्या सीडीवर अडून राहावे लागत नाही. विंडोज मीडिया सेंटरच्या भरवशावर आता कुणी राहू नये, विंडोज १०पासून ते काढून टाकले आहे. लिनक्सवर चालवायचे असेल तर ज्या कार्डाचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे ते बघावे. काही कार्डांना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर संकलित करून घालावा लागतो आणि कर्नेल बदलला की पुन्हा तेच. रात्री आपोआप अपडेट झाले, सकाळच्या कीर्तनाची फाइलच नाही, हा अनुभव या वाटेने येतो. त्यात चिपचा पत्ताही महत्त्वाचा. एकाच नावाच्या डब्यात नव्या आवृत्तीत वेगळी चिप निघते, म्हणून डब्यावरचे नाव न पाहता कार्डावरचा आवृत्ती क्रमांक पाहावा.

आता डिश, कारण खरे घोडे इथे पेंड खाते.

पणजीहून ९३.५ अंशांचा उपग्रह दिसतो तो खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ६१ अंश वर. पेडणे ते काणकोण यात फरक पडतो तो अंशभराच्या आत. गोव्यात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या इतकी जवळ आहे की मोबाइलमधला कंपास पुरतो, फक्त तो लोखंडी खांबाला चिकटवून धरू नये. ६५ सेंटिमीटरची नेहमीची डिश ऑफसेट जातीची असते, तिचा पत्रा उपग्रहाकडे तोंड करून बसत नाही. ती दिसते वीसपंचवीस अंश खाली पाहणारी, म्हणून ‘ही तर माडाकडे बघते’ म्हणून तिला वर उचलू नये. तिसरा कोन एलएनबीचा. तो आपल्या नळीत सुमारे ५० अंश फिरवावा लागतो, कारण उपग्रह आपल्या दक्षिणेला नाही, बराच पूर्वेला आहे. बसवणारे हा कोन बहुतेक वेळा सोडून देतात. बॉक्स तरीही चालतो, उन्हाळाभर चालतो, आणि पहिल्या पावसात बसतो. कार्डाचा फायदा असा की सॉफ्टवेअर सिग्नलचा दर्जा आकड्यात दाखवते. एकजण गच्चीवर, एकजण पडद्यासमोर, आणि एलएनबी एका वेळी चारपाच अंश फिरवत दर्जाचा आकडा कमाल होईल तिथे स्क्रू आवळायचा. पाहायचा तो दर्जा. ‘ताकद’ नावाची दुसरी पट्टी फारसे काही सांगत नाही, कारण नुसत्या गोंगाटालाही ताकद असते.

सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीचा आकडा ९७५० घालावा. समजा ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपाँडर हवा आहे. एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो आणि तारेतून १३४० मेगाहर्ट्झ खाली येतात. कार्डाचा ट्यूनर ९५० ते २१५० ऐकतो, म्हणजे बसले. इथे चुकून १०६०० राहिले तर वजाबाकी ४९० येते, ती या मर्यादेच्या बाहेर. डिश तंतोतंत असूनही मग एकही वाहिनी येत नाही.

माडाचे गणित वेगळे सांगायला हवे, कारण गोव्यात डिशच्या आड येणारी गोष्ट म्हणजे माड. ६१ अंशांचा अर्थ असा, की झाड डिशपासून जितके मीटर दूर, त्याच्या १.८ पटीपेक्षा जास्त उंच ते डिशच्या पातळीवरून जाता कामा नये. अंगणात डिश आणि तिच्यापेक्षा १५ मीटर उंच गेलेला माड सव्वाआठ मीटरांच्या आत आग्नेयेला असेल, तर तो आडवा येतो. वाऱ्यात झावळी हलली की चित्र क्षणभर तुटते, पुन्हा जुळते, पुन्हा तुटते. बॉक्सवर पाहणारा ते खपवून घेतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती प्रत्येक झावळी कायमची नोंदली जाते. अडथळा आहे का हे ओळखायची एक सोपी खूण सूर्यच देतो. मार्चच्या मध्याला आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीस, गोव्यातून पाहिले तर सूर्य सकाळी अकराच्या सुमारास नेमका या उपग्रहाच्या पाठीमागून जातो. त्या दोनतीन दिवसांत त्या वेळेला डिशवर माडाची सावली पडत असेल, तर माड वाटेत आहे. सावली नसेल तर वाट मोकळी. त्याच वेळी काही मिनिटे सिग्नल जातोही, सूर्याच्या गोंगाटात उपग्रह बुडतो म्हणून. तो दोष कुणाचाच नाही, कार्ड बदलून तो जाणार नाही.

पावसाचे दुखणे दोन प्रकारचे. एक आकाशातले: डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात विरतात. ६५ सेंटिमीटरऐवजी ९०ची डिश लावली की क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते आणि तीन डेसिबलची शिल्लक हातात येते. जून ते सप्टेंबर नियमित रेकॉर्डिंग करायचे असेल तर मोठी डिश हा कार्डापेक्षा चांगला खर्च, असे माझे ठाम मत आहे. दुसरे दुखणे तारेच्या टोकाचे. खारा वारा आणि दमट हवा एफ-कनेक्टरमध्ये शिरते, मधला तांब्याचा मुलामा हिरवा पडतो, आतले पोलाद गंजते. अशा जोडावर व्होल्टेज पडते, १८चे १५ झाले की एलएनबीला ते १३च वाटते आणि फक्त आडव्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या जातात. उभ्या ठणठणीत. अर्ध्या वाहिन्या आहेत आणि अर्ध्या नाहीत असे दिसले की पहिला संशय कनेक्टरवर घ्यावा. पिळून बसवायचे कनेक्टर टाळून दाबून बसवायचे वापरावेत, वर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि एलएनबीपाशी तारेला खाली एक वेटोळे द्यावे, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी कनेक्टरात न जाता वेटोळ्याच्या तळाशी ठिबकते. तार आरजी-६ घ्यावी. शंभर मीटरला वीसपंचवीस डेसिबल खाते, म्हणजे गच्चीपासून खोलीपर्यंतच्या २० मीटरला चारपाच, तेवढे चालते. विजा चमकू लागल्या की तार कार्डातून काढून ठेवावी. मान्सून यायच्या आधीचे आणि परतीचे वळीव यासाठी जास्त वाईट.

यावरून एक विचार सहज येतो: ज्या संगणकावर पाहायचे, त्यातच कार्ड हवे असे कुणी सांगितले? डिशची तार जिथे उतरते तिथे लहानसा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय, त्याला यूएसबी ट्यूनर आणि आत टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर. वाहिन्या घरच्या नेटवर्कवर सोडायच्या, आणि ओसरीतल्या टीव्हीपासून माडीवरच्या लॅपटॉपपर्यंत कुठेही पाहायच्या. साधी वाहिनी सेकंदाला तीनेक मेगाबिट घेते, नेटवर्कला त्याचे काहीच ओझे नाही. वायफायवर मात्र भिस्त ठेवू नये. जुन्या घरांच्या हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती वायफाय गिळतात, आणि तिथले तुटणे हुबेहूब डिशच्या तुटण्यासारखे दिसते. लॅनची तार ओढावी, प्रश्न मिटतो.

रेकॉर्डिंगची खरी मजा अशी की डीव्हीबी कार्ड काही रेकॉर्ड करत नाही, ते जसेच्या तसे उतरवून घेते. उपग्रहावरून आलेले आकडे तसेच डिस्कवर. प्रोसेसरला काम नाही, दर्जात घट नाही. तीन मेगाबिटची वाहिनी तासाला १.३५ जीबी घेते, तीन तासांचे संगीत नाटक चार जीबीत बसते, एक टीबीच्या डिस्कवर सातशेहून जास्त तास. ही फाइल टीएस स्वरूपात असते आणि तशीच ठेवावी. लहान करायच्या मोहाने लगेच एमपी४ करणारे लोक भेटतात. प्रक्षेपणातच दाबलेले चित्र पुन्हा दाबल्यावर तबल्यावरची बोटे चौकोनी होतात. जाहिराती कापायच्या तर पुन्हा एन्कोड न करता, की-फ्रेमवर, म्हणजे अख्खे चित्र साठवलेल्या फ्रेमवर कापावे. अर्धा सेकंद इकडेतिकडे होईल, होऊ द्यावे. चित्रात हालचालीच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नये: प्रक्षेपण इंटरलेस्ड आहे, सेकंदाला ५० अर्धी चित्रे. त्यांची सांधणी पाहताना प्लेअरमध्ये करावी, फाइलमध्ये नाही.

फाइल नीट उतरली का हे न पाहता कळते. टीएस १८८ बाइटांच्या पुडक्यांनी बनते आणि प्रत्येक पुडक्यावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. क्रमांक तुटला की पुडके हरवले. टीव्हीहेडएंड आणि तत्सम सॉफ्टवेअर हा तुटीचा आकडा रेकॉर्डिंगसोबत दाखवते. शून्य असेल तर उत्तम. दोनचार असतील तर एखादा खडखडाट. शेकड्यांनी असतील तर पुनर्प्रक्षेपण शोधावे आणि गच्चीवर जावे.

वेळेच्या बाबतीत कुणावर विश्वास टाकू नये. वाहिनीच्या छापील किंवा पडद्यावरच्या वेळापत्रकापेक्षा पाच मिनिटे आधी आणि पंधरा मिनिटे नंतर धरून ठेवावे. थेट कार्यक्रमाला अर्धा तास. भैरवी कापली गेलेली मैफल परत परत ऐकवत नाही. संगणकाची झोप बंद ठेवावी. झोपेतून उठल्यावर काही कार्डे जागी होत नाहीत, सॉफ्टवेअर मात्र इमानाने काळी फाइल लिहीत राहते. विंडोजच्या आपोआप रीस्टार्टला रेकॉर्डिंगच्या वेळा टाळायला सांगावे. आणि वीज जाणारच, तेव्हा यूपीएस हवा. त्याखेरीज बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगांत, वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा ही सोय असते, ती चालू करावी. चवथीच्या दिवसांत सगळे घर आरतीत असताना तो गेलेला संगणक कुणाच्या लक्षात येत नाही.

कायद्याचे एक कलम माहीत असावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३७ प्रक्षेपणाचा हक्क प्रक्षेपकाला देते, आणि कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग त्यातून वगळते. घरात ठेवा, पुन्हा पाहा. वाड्यावरच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा यूट्यूबवर टाकणे त्यात येत नाही.

केबल किंवा डीटीएच सोडवत नसेल तर कार्ड वेगळ्या जातीचे: कॅप्चर कार्ड. ते बॉक्समधून बाहेर आलेले चित्र घेते. बॉक्सच्या एचडीएमआयवर नक्कल रोखणारे एचडीसीपीचे कुलूप असते, त्यामुळे तिथे कॅप्चर जोडले की पडदा काळा किंवा निळा. कॅप्चर बिघडलेले नाही. बॉक्सचा एव्ही आउट वापरावा. पुष्कळ बॉक्सांना आता पिवळी-लाल-पांढरी सॉकेटे नसून ३.५ मिलिमीटरचे एकच भोक असते, आणि त्याच्या तारेत पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. पिवळे टोक व्हिडिओत घातल्यावर चित्र येत नाही आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, तेव्हा तार फेकू नये, लाल टोक व्हिडिओच्या सॉकेटमध्ये घालून पाहावे. बहुतेकदा चित्र तिथे सापडते. या वाटेने ७२० बाय ५७६चे चित्र मिळते, एचडी नाही. शिवाय वाहिनी बॉक्सवर हाताने लावून ठेवावी लागते, म्हणजे गैरहजेरीत दोन वेगळ्या वाहिन्यांचे कार्यक्रम विसरायचे.

स्वस्त यूएसबी कॅप्चरमध्ये आवाजाची गोची होते. ज्यात आवाज यूएसबीतून न येता वेगळ्या तारेने साउंड कार्डाच्या लाइन-इनला जातो, तिथे चित्राचे घड्याळ वेगळे आणि आवाजाचे वेगळे. दोघांत दहा हजारांत एकाचा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद साठतात, आणि तीन तासांच्या नाटकाच्या शेवटी ओठ आणि पद यांत सेकंदभराची दरी पडते. आवाज आणि चित्र एकाच यूएसबीतून देणारे घ्यावे. रेकॉर्डिंग सेकंदाला सहा मेगाबिटने एमपीईजी-२ मध्ये केले तर तासाला २.७ जीबी. विनासंपीडन ठेवायचे म्हटले तर तेच तासाला ७५ जीबी होते, त्या वाटेला जायचे कारण नाही. फाइल थेट पेनड्राइव्हवर लिहू नये. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ या जुन्या पद्धतीने मांडलेला असतो, त्यावर फाइल ४ जीबीला अडते, आणि सहा मेगाबिटच्या हिशेबात ते सुमारे ९५ मिनिटांनी घडते, बरोबर दुसरा अंक रंगात येतो तेव्हा.

या कॅप्चर कार्डाला गोव्यात आणखी एक काम आहे, आणि ते टीव्हीपेक्षा निकडीचे आहे. घरोघरी कपाटांत व्हीएचएस फिती आहेत: लग्ने, मुंजी, देवळातल्या जत्रेची नाटके, वाड्यावरचा शिगमो. दमट हवेत त्यांच्यावर बुरशी चढते. खिडकीतून पाहिले की फितीच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके दिसतात. अशी फीत व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी फीत वाचणाऱ्या डोक्यांना (हेडना) लागते आणि पुढच्या चांगल्या फितीलाही. आधी स्वच्छ फिती उतरवाव्यात, बुरशीच्या बाजूला ठेवून जाणत्याकडून साफ करून घ्याव्यात. साध्या व्हीसीआरला पिवळ्या सॉकेटहून चांगले चित्राचे भोक नसते, तेवढे पुरते. व्हीएचएसमध्ये आडवा तपशीलच सुमारे २४० रेघांचा, त्यामुळे ३५२ बाय ५७६ ठेवले तरी काही हरवत नाही. अडचण असते डळमळत्या सिंकची, म्हणजे चित्राच्या रेघा वेळेवर जुळवणाऱ्या खुणांची. जुन्या फितीची गती हलते, कार्ड फ्रेम सोडते, आणि सुटलेल्या फ्रेमांचा आकडा वाढू लागतो. व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता वाटेत ठेवला, तर त्यांतले बरेच रेकॉर्डर सिंक नव्याने बांधून देतात. फीत सुरू करण्याआधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले थर सुटे होतात. चित्राच्या तळाशी दिसणाऱ्या दहाएक पिसाट रेघा व्हीसीआर एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातो त्या जागच्या आहेत. त्या कॅप्चर करताना कापू नयेत, नंतर झाकाव्यात. आणि दुकानातून विकत आणलेल्या फितीचे चित्र दर काही सेकंदांनी उजळत-मंदावत असेल, तर तो नक्कल रोखणाऱ्या मॅक्रोव्हिजनचा पहारा आहे. व्हीसीआरचे ट्रॅकिंग फिरवत बसण्यात वेळ घालवू नये.